दिवसाला एकच घाट

पत्र थोडक्यात: पुण्याच्या एका वाचक मैत्रिणीने लिहिलंय. घरी नवरा, चौदा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. नागपूरची नणंद, तिचे यजमान आणि दहा वर्षांचा मुलगा १५ ऑगस्टला जोडून येताहेत. भाच्याने अजून समुद्र पाहिलेला नाही. नवऱ्याने पाच दिवसांचा बेत आखलाय: ताम्हिणी घाटाने दिवेआगर, हरिहरेश्वर, मग किनाऱ्याकिनाऱ्याने दापोली, गुहागर, गणपतीपुळे, देवगड, मालवण, तिथून आंबोली, कोल्हापूर, महाबळेश्वर आणि घरी. समुद्र, डोंगर, धबधबे एकाच फेरीत, आणि ‘गेलो त्या रस्त्याने परत यायचं नाही’ हा त्यांचा नियम. गाड्या दोन. दुसरी गाडी जावईबापू चालवणार, त्यांना घाटाची सवय नाही. मुलीला गाडी लागते. सासूबाईंचे गुडघे दुखतात. ‘मी घरीच राहते’ म्हणाल्या, पण जोतिबाचं दर्शन बऱ्याच दिवसांपासून मनात आहे. ‘हे फार होतंय’ असं या बाईंनी म्हटल्यावर ‘तू प्रत्येक गोष्टीत मोडता घालतेस’ असं ऐकावं लागलं. महाबळेश्वरची खोली बुकही झालीय. गप्प बसून जावं की बेत मोडावा, हा त्यांचा प्रश्न.

उत्तर:

तुमचं पत्र वाचून आधी नकाशा उघडला. तुमच्या यजमानांची एक गोष्ट मान्य करायलाच हवी, त्यांनी निवडलेलं एकही ठिकाण वाईट नाही. म्हणूनच तुमचं ‘फार होतंय’ त्यांना पटत नाही. नावं ठेवायला जागा सापडत नसलेल्या यादीला कोणी नुसतं ‘जास्त’ म्हटलं, तर ते कुरकुरीसारखंच ऐकू येतं. तेव्हा ‘फार’ म्हणजे नेमकं किती, ते आधी पाहू.

त्यांचा दुसरा दिवस घ्या. हरिहरेश्वर ते गणपतीपुळे. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे पुणेकराच्या डोक्यात तीन तास. पण या दीडशे किलोमीटरमध्ये तीन मोठ्या खाड्या आडव्या येतात. सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी आणि शास्त्रीची जयगड खाडी. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीवर चढवायची, पलीकडे वेसवीला उतरवायची. तिथून केळशी, आंजर्ले, हर्णै करत दापोली, मग दाभोळला पुन्हा रांग, पुन्हा फेरीबोट, धोपावे. गुहागर, हेदवी ओलांडून तवसाळला तिसरी रांग आणि मग जयगड. फेरीबोटीतला प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा. वेळ जातो तो बोट पलीकडे असते तेव्हा. सुट्टीच्या दिवशी आपल्या पुढे वीस गाड्या असतील तर आपला नंबर पुढच्या फेरीला. पावसाळ्यात वारा सुटला की फेरी बंदही ठेवतात, आणि मग खाडीला वळसा घालून जायचं म्हणजे अर्धा दिवस गेलाच. मधला रस्ता अरुंद, गावागावांतून, वळणावळणाचा. ताशी तीस-पस्तीसची सरासरी पडली तरी पुष्कळ. सकाळी आठला निघालेली माणसं गणपतीपुळ्याला पोचतात तेव्हा मंदिरात आरती चालू असते आणि समुद्र काळोखात गेलेला असतो.

त्या दिवशी भाच्याने समुद्र पाहिला का? पाहिला, काचेतून, वळणावर, आणि बहिणीची ओकारी आवरेपर्यंत थांबलो तेव्हा.

म्हणून यजमानांशी बोलताना ‘फार होतंय’ हे शब्द वापरूच नका. एक कागद घ्या आणि त्यांनाच सांगा, की प्रत्येक दिवसासमोर उजेडात गाडीबाहेर मिळणारे तास लिहा. चहा-नाश्त्याचे, पेट्रोलचे, जेट्टीवरच्या रांगेचे धरायचे नाहीत. ज्या माणसाने एवढा बेत तारीखवार बसवला त्याला हिशेब आवडत असणार. दुसऱ्या दिवसासमोर दोन तास आले की बाकी बोलायची तुम्हाला फारशी गरज पडणार नाही. मोडता तुम्ही घातला असंही होणार नाही. घातला तर त्या कागदाने.

आता थोडं टोचेल असं काही. तुमच्या पत्रात भाच्याला काय हवंय ते आहे, सासूबाईंच्या मनात काय आहे ते आहे, यजमानांचा नियम आहे, मुलीचा त्रास आहे. तुम्हाला या सहलीतून काय हवंय, याची एक ओळही नाही. ‘नको’ एवढंच आहे. घरातल्या बाईने सगळ्यांच्या सोयीचा विचार करायचा आणि स्वतःच्या मनातलं फक्त हरकतीच्या रूपात बाहेर काढायचं, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की ते आपल्या लक्षातही येत नाही. तुम्हाला आंबोलीच्या धुक्यात दोन तास कोणी हाक न मारता बसायचं असेल. मालवणात दुसऱ्याच्या हातचं जेवायचं असेल. जे असेल ते त्या कागदावर स्वतःच्या नावासमोर लिहा. हरकत बाजूला सारता येते, मागणीला निदान उत्तर तरी द्यावं लागतं.

नणंदेलाही तुम्ही दोघांनी बहुधा विचारलेलं नाही. ‘एवढ्या लांबून येताहेत तर सगळं दाखवू’ हा भावाचा उत्साह. नागपूरहून पुण्यापर्यंतचा प्रवास करून आलेल्या माणसांना लगेच पाच दिवस गाडीत बसायचं आहे का, हे त्यांनाच ठाऊक. एक फोन करा. माझा अंदाज, पोराला समुद्र आणि बाकी तुम्ही म्हणाल ते, एवढंच उत्तर येईल.

आणि पोराला समुद्र दाखवायचा असेल, तर ऑगस्ट हा महिनाच चुकीचा आहे. तुम्ही लांबीवर अडला आहात. मी तारखेवर अडलेय. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत मालवण-तारकर्लीचे जलक्रीडा प्रकार बंद असतात, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही बंद. समुद्र गढूळ, खवळलेला. पाण्यात पाऊल टाकलं की किनाऱ्यावरचा जीवरक्षक शिट्टी मारणार, आणि मारायलाच हवी. दहा वर्षांच्या पोराला आयुष्यातला पहिला समुद्र ‘मागे ये, मागे ये’ अशा हाकांमध्ये दाखवायचा? मासेही तसेच. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि दर्या नीट शांत होतो तो नारळी पौर्णिमेच्या पुढे-मागे. ऑगस्टच्या मध्यावर ताटात येणारी सुरमई कुठल्या बर्फातली आहे ते विचारू नये.

धबधब्यांचं उलटं आहे. त्यांचा भर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. दिवाळीच्या सुट्टीत किनारा छान असतो, पण सह्याद्रीतले बहुतेक धबधबे तोवर कातळावरच्या ओल्या पट्ट्यापुरते उरतात. म्हणजे समुद्र आणि धबधबे एका फेरीत हवे असतील तर वर्षातले थोडेच दिवस हाती लागतात: गणपतीची गर्दी ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. पाऊस परतीच्या वाटेवर असतो, दुपारनंतर गडगडाट करून एखादी सर येते, पण डोंगर हिरवेगार असतात, धबधब्यांना धार असते आणि होड्या सुरू झालेल्या असतात. कोल्हापूर वाटेत असेल तर नवरात्राचे नऊ दिवस टाळा. अंबाबाईच्या दारात तेव्हा मुंगी शिरायला जागा नसते. दसरा ते कोजागिरी हे दिवस मला सगळ्यांत पसंत. अधिक महिना आलेल्या वर्षी दसरा लांबतो, तेव्हा २ ऑक्टोबरची सुट्टी धरा. घरात पितृपक्षात फिरायला जाणं चालत असेल तर तेव्हा खोल्या स्वस्त मिळतात, पण हा विषय सासूबाईंसमोर तुम्ही काढू नका, यजमानांना काढू दे.

१५ ऑगस्टला आणखी एक भानगड आहे. तुमच्या फेरीचा परतीचा भाग पुणे-बंगळूर महामार्गाने आहे आणि कोल्हापूरजवळ शिरोलीला हा महामार्ग २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुराच्या पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. दरवर्षी असं होत नाही. पण पावसाळ्यात त्या बाजूला जाणाऱ्या कोणीही कोल्हापूरकरांसारखी एक सवय लावून घ्यावी: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती फूट आहे ते पाहायचं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ३५ च्या पुढे चढती असेल तर मी तरी निघणार नाही.

आता फेरी. तुमच्या यजमानांच्या नियमाला मी थोडा धक्का लावणार आहे. पुण्याहून निघणाऱ्याने सगळंच वर्तुळ करायचं म्हटलं की ते फुगत जातं, कारण आपण किनाऱ्यापासून लांब, घाटमाथ्यावर राहतो. त्यापेक्षा फेरी पळीच्या आकाराची करा. पुणे ते कोल्हापूर हा दांडा, तो जाता-येता एकच. कोल्हापूरच्या खाली खरं वर्तुळ: आजरा, आंबोली, सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, वैभववाडी, गगनबावडा आणि परत कोल्हापूर. दांड्यावर बघण्यासारखं फार नाही, म्हणून तो दोनदा कापताना काही गमावत नाही. वर्तुळात मात्र एकही रस्ता दुसऱ्यांदा येत नाही. नियम पाळला असं त्यांना म्हणता येईल.

या आखणीचा खरा फायदा घाटांचा आहे. नकाशावर किलोमीटर मोजणाऱ्याला घाट दिसत नाही, पण सह्याद्रीत दिवसाचं वेळापत्रक घाट ठरवतो. धुकं, दरड, समोरून येणारा उसाचा ट्रक, मागे कर्णा वाजवणारी एसटी, गाडी लागलेलं पोर, सगळं घाटातच. म्हणून माझा ठोकताळा असा, की दिवसाला एकच घाट, आणि तोही दुपारी तीनच्या आत. यजमानांच्या आखणीत शेवटच्या दोन दिवसांत आंबोली, पसरणी आणि खंबाटकी असे घाटावर घाट आहेत, तेही थकलेल्या चालकांच्या हाती. महामार्गावरचा खंबाटकी दोन्हीकडे आहेच, तो सोडला तर माझ्या आखणीत एक घाट उतरायचा, दोन दिवसांनी दुसरा चढायचा, संपलं.

पहिला दिवस लांबचा, पुणे ते आंबोली, साडेतीनशेच्या आत-बाहेर किलोमीटर. पहाटे सहाला निघा. साताऱ्याच्या पुढे रुंदीकरणाच्या कामामुळे वळणरस्ते लागतात, वेळ हाताशी ठेवा. निपाणीवरून आजऱ्याला या. आजऱ्यापाशी रामतीर्थ आहे, हिरण्यकेशी नदी कातळावरून उड्या घेते आणि काठावर देऊळ आहे. नदीजवळ जाण्यासाठी फार चढ-उतार नाही, सासूबाईंना झेपेल. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ घ्यायचा तर तिथेच, परतीला हा रस्ता नाही. आणि या बाजूने आंबोलीला आलात की घाट लागतच नाही, कारण तुम्ही आधीच पठारावर असता. घाट सुरू होतो आंबोलीच्या पुढे. बेळगाव-कोल्हापूरकडून येणाऱ्यांना आंबोली सोपी वाटते ती यामुळेच.

आंबोलीत मुक्काम करा, तोंड दाखवून पुढे सुटू नका. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारी ही जागा, पावसाळा संपता संपता सर्वांत राहण्याजोगी होते. संध्याकाळी हिरण्यकेशीच्या उगमाला जा. छोटी गुहा, समोर कुंड. या कुंडातल्या एका छोट्या माशाला शास्त्रज्ञांनी नवी प्रजाती म्हणून नोंदवलं, नाव ठेवलं शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि २०२१ मध्ये ही जागा राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली. चौदा वर्षांचा मुलगा मोबाईलमधून मान वर काढेल अशा गोष्टी फार नसतात. ही एक असू शकते. पाण्यात बिस्किटं टाकू नका एवढं मात्र त्याला सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याआधीच कावळेसाद. दरीतून वर येणारा वारा जोरात असला की कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडतं आणि आपल्याच तोंडावर येतं. मुलं तिथून हलणार नाहीत. कठड्याच्या अलीकडेच राहायचं, फोटोसाठीसुद्धा पलीकडे नाही. इथे माणसं गेली आहेत. परत येऊन नाश्ता, तोही हलका. मग घाट उतरा. मुख्य धबधबा घाटरस्त्याला लागूनच आहे. पायऱ्या चढायच्या नसतील तर सासूबाई गाडीत बसून, काच खाली करून तुषार अंगावर घेऊ शकतात. मधल्या वारी या आणि सकाळी नऊच्या आत या. पावसाळी रविवारी इथे धबधब्यापेक्षा गाड्याच जास्त दिसतात, आणि भाजलेल्या कणसाच्या वासात माकडं कुठून उडी मारतील याचा नेम नाही.

आंबोलीहून सावंतवाडी तीसेक किलोमीटर. मोती तलाव, राजवाडा, लाकडी खेळणी, आणि पोटभर जेवण. तिथून मालवणला सरळ महामार्गाने जाण्यापेक्षा वेंगुर्ल्याकडे वळा. पोराचा पहिला समुद्र मालवणच्या गजबजाटात नको. वेंगुर्ल्याजवळ सागरेश्वरचा लांबच लांब, बराचसा मोकळा किनारा आहे, दुपार कलल्यावर तिथे उतरवा. भिजू दे. गाडीत वाळू होईल म्हणून कोणी ओरडायचं नाही, हे आधीच ठरवून घ्या. फक्त गुडघ्याच्या वर पाणी नको, आणि भरती-ओहोटीची वेळ एखाद्या गावकऱ्याला विचारल्याशिवाय आत शिरायचं नाही. ऑक्टोबरातही पाण्याला ओढ असते. रात्रीपर्यंत मालवण किंवा तारकर्ली.

तिसऱ्या दिवशी गाडीची किल्ली सासूबाईंच्या पिशवीत. हा दिवस यजमानांच्या मूळ आखणीत नव्हताच, आणि सहल म्हणून लक्षात राहील तो हाच. सकाळी लवकर सिंधुदुर्ग किल्ला करा, ऊन चढायच्या आत. शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधून घेतलेला हा किल्ला पोरांना दाखवताना त्यातल्या गोड्या पाण्याच्या विहिरी दाखवा: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारही बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं, हे पोरांना तटबंदीपेक्षा जास्त भावतं. होडीत चढता-उतरताना मात्र पाय उंच उचलावा लागतो आणि होडी हलत असते. सासूबाईंना ते जमेल का, हे तुम्ही ठरवू नका, धक्क्यावर उभ्या राहून त्यांना बघू दे. ‘नको’ म्हणाल्या तर कोणीतरी एकाने त्यांच्याबरोबर थांबायचं, आणि ते थांबणारं माणूस तुम्हीच असाल असं गृहीत धरू नका. दुपारी झोप. संध्याकाळी देवबागला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. बोटीत बसणार असाल तर लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर, बंद लावलेलं. नावाडी ‘काही होत नाही ओ’ म्हणाला तरी.

जेवायचं ठिकाण मी सुचवत नाही. एवढंच सांगते, की गर्दीच्या हॉटेलापेक्षा तुम्ही उतरलात त्या घरी सकाळीच सांगून ठेवा. बाजारात त्या दिवशी काय आलं त्यावर ताट ठरू दे. सासूबाई शाकाहारी असतील तर घावने-चटणी, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी त्यांना पुरे, पण आधी सांगावं लागतं.

चौथा दिवस वर चढायचा. मालवणहून कणकवली, तळेरे, वैभववाडी. वाटेत नापणे धबधबा, जो बारमाही वाहतो. तिथे अलीकडे काचेचा पूलही झालाय. त्यामुळे तुम्ही दिवाळीत गेलात तरी निदान हा एक धबधबा नक्की. मग करूळ घाट चढून गगनबावडा, आणि तिथून ५५ किलोमीटरवर कोल्हापूर. पण करूळची खात्री केल्याशिवाय वैभववाडी सोडू नका. २०२४ च्या जानेवारीत रस्त्याच्या कामासाठी हा घाट बंद झाला तो वर्ष उलटल्यावरच उघडला, आणि त्या काळात मॅप बघून आलेली किती कुटुंबं तिथून मागे फिरली असतील! बंद असेल तर भुईबावडा घाटही गगनबावड्यालाच निघतो, नाहीतर फोंडा घाटाने राधानगरी. घाट चालू आहे का हे ॲपला विचारण्यापेक्षा जिथे मुक्काम आहे तिथल्या माणसाला आदल्या रात्री विचारा. त्याचा भाऊ नाहीतर मेहुणा कालच कोल्हापूरहून आलेला असतो.

कोल्हापूरला दुपारी पोचलात तर जोतिबा त्याच संध्याकाळी. गाडी डोंगरावर वरपर्यंत जाते, तिथून पुढे पायऱ्या आणि गर्दी. रविवार नको, पौर्णिमा नको. सासूबाई ‘घरीच राहते’ म्हणाल्या त्याचा अर्थ ‘मला यायचं नाही’ असा घेऊ नका. त्या पिढीची माणसं आपल्यामुळे दुसऱ्याचा खोळंबा नको म्हणून आधीच माघार घेतात. त्यांना ‘येणार का?’ विचारू नका, ‘जोतिबाला जायचंय, चौथ्या दिवशी संध्याकाळी बरं की पाचव्या दिवशी सकाळी?’ असं विचारा. पाचव्या दिवशी सकाळी अंबाबाई, मिसळ आणि पुणे. दिवेलागणीच्या आत घरी.

जावईबापूंचं. विदर्भातल्या सरळ रस्त्यावर दहा-दहा तास गाडी चालवणारा माणूस उत्तम चालक असू शकतो आणि तरी त्याला घाट माहीत नसतो. त्यांना कोणी शिकवायला गेलं तर अपमान वाटेल, म्हणून दोन गाड्यांऐवजी एक मोठी गाडी चालकासह घ्या. आठ जण, सामान. बारा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर आरामात पुरेल. दोन गाड्यांचं पेट्रोल, टोल आणि दोन माणसांची दमछाक मोजली तर फरक वाटतो तेवढा नाही. शिवाय तुमचे यजमान सुट्टीत पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघतील. चालकाची झोप आणि जेवण मात्र तुमच्या जबाबदारीचं धरा. स्वतःच चालवणार असाल तर उतारावर गाडी ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही, आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रल तर अजिबात नाही. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची.

मुलीला पुढच्या बाजूला, खिडकीशी बसवा, नजर लांब रस्त्यावर. घाटात मोबाईल आणि पुस्तक बंद. गोळी द्यायची असेल तर ती कधी आणि किती, हे डॉक्टरांना विचारून; ओकारी सुरू झाल्यावर दिलेली गोळी काही कामाची नसते.

पुण्याहून न निघणाऱ्यांसाठीही हाच हिशेब. मुंबईकरांनी दोन-तीन दिवसांत करायची फेरी वेगळी: भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसकट मांडवा, मग मुरूड, आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, दिवेआगरला मुक्काम आणि परतताना माणगाववरून मुंबई-गोवा महामार्गाने घरी. खाडी एक, मोठा घाट नाहीच. गोव्यातल्या वाचकांना तर सगळं दाराशीच आहे: चोर्ला घाटाने वर, बेळगावच्या बाजूने आंबोली, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी खाली सावंतवाडी आणि घर.

उरला प्रश्न सुट्टीचा. ऑक्टोबरात तुमच्या आणि नणंदेच्या मुलांच्या परीक्षांचं वेळापत्रक जुळेलच असं नाही, आणि नागपूरची तिकिटं कदाचित निघालीही असतील. तसं असेल तर १५ ऑगस्टला त्यांना येऊ दे, पण पुण्यातच राहा, एखाद्या मधल्या वारी सकाळी ताम्हिणीपर्यंत जाऊन दुपारी परत या. धबधबे तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असतात. समुद्र दिवाळीवर ढकला आणि भाच्याला तसं सांगा. पोरं वाट बघतात, मोठ्यांपेक्षा बरी बघतात. दिवाळीत धबधबे नापण्यापुरतेच मिळतील, किनाऱ्यावर गर्दी असेल आणि खोल्यांचे भाव चढे, हे धरून चाला. मला विचाराल तर तुमच्या कुटुंबासाठी तोही सौदा ऑगस्टच्या पाच दिवसांपेक्षा चांगला आहे.

यजमान तरीही अडून बसले तर? तर त्यांच्याच फेरीचा अर्धा भाग मागा, ‘यंदा दक्षिण, पुढच्या वर्षी दापोली-गुहागर’. यादीतलं नाव खोडलं की माणसाला वाईट वाटतं, पुढच्या वर्षावर टाकलं तर तितकं वाटत नाही. आणि हे बोलणं ग्रुपवर नको, नणंदेसमोरही नको. रात्री, दोघंच, तो कागद मध्ये ठेवून.

महाबळेश्वरची खोली रद्द करून पैसे परत मिळण्याची मुदत मात्र आजच बघा. बहुतेक ठिकाणी सुट्टीच्या आठवड्यासाठी ती लवकर संपते.